वाचणारा परका असतो

३ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
धाकट्याचा नमस्कार.

आधी अक्षर नीट तपासून घ्या आणि मगच पुढं वाचा. ओळी तिरक्या जात नाहीत ना? वेलांट्या जागच्या जागी आहेत ना? तुम्हीच म्हणाला होतात की फोनवर तू प्यायला आहेस की नाही याचा कानोसा घेत बसावं लागतं, त्यापेक्षा पत्र लिही, कागदावर सगळं दिसतं. तर बघा. एक जूनला सोडली, परवा आठ महिने पुरे झाले.

कामावर बढती मिळाली आहे. बढती म्हणजे पूर्वी जे करायचो तेच पुन्हा करायला मिळालं. सहा महिने मालकांनी मला नुसतं प्लास्टरचे साचे ओतायला ठेवलं होतं. आता कवळीच्या मेणात दात बसवायचं काम परत दिलं. त्याला हात स्थिर लागतो, एक दात जरा कलला तरी बिचारा माणूस हसला की कुत्सित वाटतो. गेल्या आठवड्यात दोन डब्यांची अदलाबदल झाली (माझ्या हातून नव्हे, लगेच कपाळाला आठ्या नकोत) आणि एका आजोबांना दुसऱ्याच कुणाची कवळी गेली. परत आणायला मला पाठवलं. आजोबा द्यायला तयारच नाहीत. म्हणाले, माझी टोचायची, हिनं मी काल वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. मालक अजून डोक्याला हात लावून बसलेत.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. आमच्या दारू सोडलेल्यांच्या गुरुवारच्या बैठकीच्या खोलीत एक कागद लावलाय. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी बौद्ध विहारात एकवीस दिवसांचं मौनाचं शिबिर आहे. जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याचा खर्च, शिवाय बुडालेला पगारसुद्धा एक निधी देतो. कुणाचा निधी ते लिहिलेलं नाही. पाच एप्रिलला सुरू होतंय.

माझं तुम्हाला माहीत आहे. याआधी दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा अकराव्या महिन्यात घसरलो. यंदा अकरावा महिना म्हणजे एप्रिल. मालक रजा देतील, पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय, तिसऱ्यांदा घसरलास तर मला दार लावून घ्यावं लागेल. ते वाईट माणूस नाहीत. मलाच माझा भरवसा नाही. एप्रिलचा तो महिना कुठंतरी भिंतींच्या आत काढता आला तर मी तरेन असं वाटतं.

पण मी देवाधर्माचा माणूस नाही हो. डोळे मिटून बसलो की मला एक तर झोप लागते, नाही तर दादा दिसतो. अर्ज करू का? तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा,
धाकटा


१२ फेब्रुवारी

चि. धाकटोबा,
आशीर्वाद आहेतच, ते काही दर वेळी नव्यानं काढावे लागत नाहीत.

अक्षर पाहिलं. ठीक आहे. 'मेण'चा ण तेवढा पोट सुटल्यासारखा आलाय, तो शाळेपासून तसाच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सातवीत होतास आणि तुझ्या शुद्धलेखनाच्या वह्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या, विसरले नाही मी.

अर्ज कर. विचारायचं काय त्यात? देवाधर्माचं म्हणशील तर तिथं कुणी तुला आरत्या म्हणायला लावणार नाही. श्वासाकडं लक्ष द्यायचं, चुकलं की परत आणायचं, एवढंच. आमच्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात माझ्या हाताखाली एक बाई होती, तिचा मुलगा जाऊन आला, तिनं सांगितलं. पहाटे घंटा होते. खोलीत दोघं असतात, पण एकमेकांशी बोलायचं नाही. बसायच्या गाद्या अगदीच दगड आहेत म्हणे. तुझ्या दादांनी पाहिल्या असत्या तर तिथल्या तिथं उसवून नव्यानं भरून दिल्या असत्या. जन्मभर लोकांच्या खुर्च्या मऊ केल्या आणि घरातली एक नीट केली नाही. एक जाडी शाल ने, फरशी गार असते.

दादा दिसतो म्हणतोस, तर दिसू दे. मला रोजच दिसतात. सहा वर्षं झाली, पण चहा अजून दोन कपच टाकला जातो आणि दुसरा मलाच प्यावा लागतो.

तुला काही होता कामा नये. ह्यांना मी वाचवू शकले नाही, तुझ्या बाबतीत मला ते पुन्हा बघायचं नाही. जा.

वहिनी


२४ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
नमस्कार.

अर्ज आणला. चार प्रश्न आहेत. पहिले तीन सोपे आहेत, कधीपासून, किती, किती वेळा सोडली. चौथ्याशी येऊन गाडी अडली आहे. 'तुमच्या व्यसनामुळे ज्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान झालं, त्याच्याविषयी लिहा.' खाली पानभर जागा कोरी ठेवलीय.

रोज संध्याकाळी कागद पुढं घेतो आणि मग मला एकदम कपडे भिजवायची आठवण होते. काल तर खिडक्या पुसल्या.

मी माझ्या पहिल्या नोकरीबद्दल लिहू का? त्या मालकांचं बरंच नुकसान झालं, ते खोटंही नाही. वाचणाऱ्याचं समाधान होईल असं लिहिता येईल. की त्यांना कळतं? हे वाचतं तरी कोण? कार्यालयातला माणूस म्हणाला, अर्ज इथं टाइप होतो, नाव, धंदा, पत्ता कापून टाकतात आणि मग तीन जण वेगवेगळे वाचतात. तिघांचा होकार लागतो. एकानंही नाही म्हटलं तर त्या शिबिराला जागा नाही. हा नियम ज्यानं केला तो माणूस फार कडक असणार.

शाल घेऊन ठेवली.

तुमचा,
धाकटा


२ मार्च

चि. धाकटोबा,

खिडक्या पुसल्यास हे उत्तम. आता चौथा प्रश्न लिही.

पहिल्या नोकरीचं लिहू नकोस. ज्या गोष्टीपाशी हात अडतो तीच लिहायची. मला विचारशील तर त्या कागदावर तो प्रश्न त्याचसाठी ठेवला असणार. एकवीस दिवस तोंड बंद ठेवून बसायचं म्हणजे जे आत दाबून ठेवलंय ते वर येणारच, आणि ते तिथं पहिल्यांदा वर आलं तर माणूस तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून पळतो. असे पळालेले आहेत. आधी कागदावर काढलेलं बरं.

आणि घाबरतोस कशाला? वाचणारा परका असतो. त्याला तुझं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही. तो वाचेल, हो की नाही लिहील आणि पुढचा कागद घेईल. घरच्यांना जे सांगता येत नाही ते परक्याला सांगता येतं. मला तरी तसंच वाटतं.

खरं लिही, काही गाळू नकोस. आणि लौकर पाठव, पंधरा तारखेला अर्ज बंद होतात असं कुणीतरी म्हणत होतं.

वहिनी


(टाइप केलेला कागद. वरची तीन बोटं रुंद पट्टी कात्रीनं कापलेली. अर्ज क्रमांक सतरा.)

प्रश्न चौथा.

माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं बरोबर प्यायचो. त्याला पहिला घोट मी दिला नाही, पण शेवटचा मी दिला असं मला वाटतं.

त्यानं सोडली. चौदा महिने एक थेंब घेतला नाही. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला एकटं पडल्यासारखं वाटलं. तो सुटला आणि मी मागं राहिलो याचा मला राग यायचा. तो समोर आला की मला माझी लाज वाटायची, आणि ती लाज जावी म्हणून मला तो पुन्हा माझ्यासारखा व्हायला हवा होता. हे त्या वेळी कळत नव्हतं. आता कळतं.

एका संध्याकाळी मी पिशवीत बाटली घालून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको कामावर असते ती वेळ बघून गेलो. तो नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. तेव्हा मी हसून म्हटलं, आता बायकोची परवानगी लागते वाटतं. हे त्याला लागेल हे मला माहीत होतं. लहानपणापासून त्याला कुणी भित्रा म्हटलेलं खपायचं नाही. तो बसला. पहिला पेला मी भरला. दुसरा त्यानं स्वतः भरला.

मी निघालो तेव्हा त्यानं माझा पेला विसळून, पुसून फडताळात ठेवला. म्हणाला, तू आला होतास हे तिला कळता कामा नये, तिचा तुझ्यावर जीव आहे.

त्यानंतर तो थांबला नाही. आठ महिन्यांनी गेला. त्यानं शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्याची बायको अजून मला पत्र लिहिते, माझं अक्षर तपासते. माझं अक्षर तपासणारं या जगात तेवढं एकच माणूस आहे. सांगितलं तर तेही जाईल, म्हणून सांगत नाही.

मला शिबिरात यायचं आहे कारण मला जगायचं आहे. त्याचा मला हक्क आहे का ते वाचणाऱ्यानं ठरवावं.


२५ मार्च

अर्जदारास,
आपला अर्ज क्रमांक १७ तिन्ही वाचकांनी वाचला. एप्रिलच्या शिबिरासाठी आपल्याला जागा देता येत नाही. कारण कळवण्याची पद्धत नाही. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

निधी कार्यालय


२ एप्रिल

ती. वहिनींना,
नमस्कार.

नकार आला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. तुमचंही पत्र आलं नाही. तब्येत बरी आहे ना? गुडघा?

मी खचलो नाही, काळजी करू नका. पहिल्या दिवशी खचलो होतो, खोटं कशाला बोलू. कामावर एक खालची कवळी उलटी धरून तासभर घासत होतो. पण नंतर विचार केला. तुम्ही म्हणालात खरं लिही, तसं लिहिलं. बैठकीत सगळे मला सांगतात, हा आजार आहे, तुझा दोष नाही. चांगली माणसं आहेत. पण मी त्यांना ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. ज्याला सांगितली त्या परक्यानं शेवटपर्यंत वाचली आणि नाही म्हटलं. वहिनी, तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला त्या माणसाचा राग येत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं असं वाटलं.

काय लिहिलं होतं ते मात्र विचारू नका. तेवढी मेहेरबानी करा.

काल अकरावा महिना लागला. बैठकीतला एक बसचालक आणि एक शिंपी असे दोघं रोज संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसतात. पत्ते खेळतो. शिंपी फार लबाडी करतो आणि बसचालकाला ती दिसत नाही, त्यामुळं वेळ बरा जातो. ते आठ वाजता उठतात. त्यांच्यामागं दार लावलं की मी लगेच आडवा होतो आणि झोप येईपर्यंत आकडे मोजतो. आजवर दोन दिवस झाले. अजून अठ्ठावीस.

अक्षर बघा. बरं आहे ना?

तुमचा,
धाकटा


१० एप्रिल

तो निधी माझा आहे.

ह्यांचं दुकान विकलं ते पैसे घरात लागले असं मी सगळ्यांना सांगितलं. घरात लागले नाहीत. ह्यांना त्या विहारात एकदा न्यायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं, म्हणून ह्यांच्यासारख्या दुसऱ्यांना पाठवायचं ठरवलं. नाव कुठं लावलं नाही, कारण नाव लावलं की लोक उपकार मानायला घरी येतात. वाचणारे तिघं म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, विहारातल्या थोरल्या भिक्खुणी आणि मी. नाव कापायचा नियम माझा, एका नकाराचाही माझा. तू म्हणालास तो कडक माणूस मीच.

आणखी एक नियम आहे, तोही मीच केलेला. अर्ज ओळखीच्याचा वाटला तर तिथंच थांबायचं, कागद मिटून परत करायचा, मत द्यायचं नाही. तुला अर्ज कर म्हणताना माझा हिशेब सरळ होता, तुझा अर्ज आला की चार ओळींत ओळखेन आणि परत देईन, बाकीचे दोघं बघून घेतील. 'चौदा महिने' वाचलं तेव्हाच मला कळलं. तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. पेला फडताळात ठेवला तिथवर वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि खाली 'नाही' लिहिलं. इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. ते नाही परक्याचं नव्हतं.

वाचणारा परका असतो असं तुला मीच लिहिलं. काही गाळू नको असंही मीच लिहिलं. तुझ्या मनातलं मी फसवून काढून घेतलं आणि त्याचीच तुला शिक्षा दिली. असं करायचं माझ्या मनात नव्हतं, पण झालं तसंच.

मला राग आला धाकट्या. अजून आहे. तू माझं नाव घेऊन त्यांना डिवचलंस हे मला गिळता येत नाही. उठता बसता तेच ऐकू येतं. आणि तू ते परक्याला सांगितलंस, मला सहा वर्षं नाही, त्याचाही राग आहे.

मी थोरल्या भिक्खुणींकडे जाऊन सगळं सांगून आले. यापुढं मी अर्ज वाचणार नाही. तुझा अर्ज माझ्या जागी दुसऱ्या कुणाला देऊन नव्यानं वाचणार आहेत. काय ठरेल ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

पाच तारीख गेली. तू तिथं भिंतींच्या आत असायला हवा होतास. तू बाहेर आहेस तो माझ्यामुळं आहेस.

वहिनी


२७ एप्रिल

धाकट्या,

सतरा दिवस झाले. रोज दुपारी पोस्टमन येऊन जाईपर्यंत मी दारातच असते. आज त्यानं न विचारताच मान हलवली.

मला शिव्या दे, काहीही लिही, पण एक ओळ पाठव. काय लिहितोस ते मला महत्त्वाचं नाही, मला फक्त अक्षर बघू दे.

वहिनी


१ मे

वहिनी,

एप्रिल संपला. हात स्थिर आहे.

धाकटा


८ मे

चि. धाकट्या,

कागद हातात घेतला आणि तशीच खाली बसले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही बाई, कुणी गेलं नाही.

ती ओळ मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही, तू हसशील.

आता मी लिहिते ते नीट वाच. तू तुझं लिहिलंस, आता माझं लिहायची पाळी माझी आहे.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. भांडण म्हणजे मीच बोलत होते. दारू सोडल्यापासून ते घरात गप्प गप्प असायचे. जेवायचे, खुर्च्या भरायचे, संध्याकाळी मला न्यायला यायचे आणि सगळं तोंड मिटून. चौदा महिने मी ते सोसलं आणि त्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, प्यायचात तेव्हा निदान बोलायचात तरी. असं मी म्हटलं. चौदा महिने जिवाचा आटापिटा करून ज्यानं दारू सोडली त्या माणसाला मी हे म्हटलं. मी डबा उचलला आणि कामावर गेले.

सहाला माझी पाळी सुटायची. त्या चौदा महिन्यांत ते धुलाईखान्याच्या फाटकापाशी एक दिवस चुकले नव्हते. त्या दिवशी आले नाहीत. सातपर्यंत मी उभी होते. पहिली पंधरा मिनिटं मी रागात होते, मग मला कळलं की रागावलेत ते. बसनं घरी आले तर पुढ्यात पेला घेऊन बसलेले. एकटेच. पेला एकच. मग मी काय समजायचं? माझ्या त्या वाक्यानं त्यांना परत तिथं नेलं असंच मी समजले, आणि आजवर तसंच समजत आले. निधी काढला तो त्या वाक्यापायी. तू आला होतास हे तुझा अर्ज वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं.

त्यामुळं तुझा राग येतो त्याच्या मागून मला दुसरंही काही वाटलं. वाटलं, म्हणजे मी नव्हते तर. आणि मग त्याचीही लाज वाटली.

तुला माफ केलं असं मला लिहिता येत नाही. आज लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुला मी खोटं लिहिणं आता बंद केलंय. पण मला एक विचारायचं आहे. त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर तू होतास. ते माझ्यावर रागावलेले होते का? सकाळचं काही बोलले का? हे सांगणारा तुझ्याशिवाय कुणी नाही. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. असेल ते सांग.

वीस मेच्या शिबिरात तुला जागा मिळाली आहे, कार्यालयाचं पत्र येईलच. ठरवताना मी त्या खोलीत नव्हते. जागा तुझी आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंस, नाही दिलंस, तरी तुझीच आहे.

वहिनी


२० मे
विहार, दुपार

ती. वहिनींना,
साष्टांग नमस्कार.

इथं पोचलो. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, भिंतीला दोन खुंट्या. माझ्या शेजारी एक गवंडी आहे, त्यानं आल्याआल्या भिंतीवर हात फिरवून गिलावा बरा नाही असं सांगितलं. मौन सुरू व्हायच्या आधी त्याला बरंच बोलून घ्यायचं आहे. गाद्या खरंच दगड आहेत. फोन आणि घड्याळ दारातच काढून घेतलं. पेन आणि कागद संध्याकाळच्या घंटेला जमा करायचे. मग एकवीस दिवस काही लिहायचं नाही. म्हणून हे आज लिहायलाच हवं.

तुमचं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मला खोटं फार सुरेख जमतं, तुम्ही जाणता. तीनही पत्रांत तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी लिहिलं होतं. मग ध्यानात आलं की खरं आहे ते त्याहून चांगलंही आहे आणि त्याहून वाईटही, आणि त्यातलं चांगलं द्यायचं तर वाईटही द्यावं लागेल. अर्जात मी एक गोष्ट गाळली होती. परक्यालासुद्धा मला ती सांगता आली नाही.

मी पोचलो तेव्हा पाच वाजायचे होते. दादा दारातच भेटला. त्याच्या पायांत चपला होत्या आणि हातात कुलूप होतं. मी म्हटलं, कुठं निघालास? म्हणाला, हिला आणायला. मी म्हटलं, सहाला सुटते ना ती, आत्तापासून? तर म्हणाला, आज चालत जातो, येतानाही चालतच येऊ, तेवढाच वेळ मिळेल. सकाळी ती म्हणाली मी बोलत नाही. खरं आहे तिचं. सोडल्यापासून मला तोंड उघडायची भीती वाटते, पूर्वी काय काय बोललो ते सगळं आठवतं. घरात जमत नाही, समोरासमोर बसलं की शब्द फुटत नाही. रस्त्यानं चालता चालता जमेल. तिला सगळं सांगतो आज.

हे त्याचेच शब्द आहेत वहिनी. मी त्यात काही घातलेलं नाही. एवढं एका दमात बोलताना मी त्याला चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हटलं, पाच मिनिटं बस. मग पिशवीतून बाटली काढली. तो नको म्हणाला ते उभ्यानंच. पुढचं तुम्ही वाचलं आहे. तो बसला तेव्हाही त्यानं चपला काढल्या नाहीत, कारण त्याला लगेच उठायचं होतं. दुसऱ्या पेल्यानंतर घड्याळाकडं बघितलं आणि उठला. दारापर्यंत गेला. तिथं तोंडावर हात धरून श्वास सोडला, त्याचा त्यालाच वास आला, आणि तिथंच थांबला. म्हणाला, आता या तोंडानं मी तिच्यापुढं कसा उभा राहू? तो परत येऊन बसला. तेव्हासुद्धा मी त्याला म्हणू शकलो असतो की जा. तुम्ही त्याला वासासकट घेऊन घरी आला असतात. मी म्हटलं नाही.

तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. केलं नाहीत तरी मी पत्र लिहीन आणि तुम्ही अक्षर तपासाल एवढी आशा ठेवतो. एकवीस दिवस मी इथं मनानं दादाच्या त्याच दारासमोर बसणार आहे हे मला माहीत आहे, आणि या वेळी उठून जाणार नाही.

गवंडी सांगतोय की खाली लोक जमायला लागलेत.

तुम्ही विचारलंत तो रागावला होता का. नाही. तुम्ही फाटकापाशी उभ्या राहिलात त्याच्या तासभर आधीच तो तुमच्याशी बोलायला घरातून निघाला होता.

तुमचा,
धाकटा